भिंत नसलेला प्रतिध्वनी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कंबरदुखीनं बेजार झालेल्या माणसाला भेटायला गेलं की अलीकडे एक मोठा लिफाफा हमखास समोर येतो. त्यात एमआरआयच्या काळ्या फिल्म असतात. यजमान ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात, आपणही मान वाकडी करून बघतो आणि फारसं काही न कळताही ‘हं, दिसतंय खरं’ म्हणतो. मणक्यांच्या ठोकळ्यांमध्ये ज्या गाद्या असतात, त्यांतल्या काही पांढुरक्या दिसतात आणि एखादी काळवंडलेली. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक रोमन लिपीत ‘टी-टू’ असं छापलेलं असतं. तिकडे कोणी बघत नाही. आज मी बोलणार आहे ते त्या एका अक्षराबद्दल आणि एका आकड्याबद्दल.

टी-टू हा एक काळ आहे, घड्याळानं मोजायचा. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘आडवा शिथिलन काळ’ म्हणता येईल. नाव रुक्ष आहे. पण अर्थ असा, की एका तालात डोलणाऱ्या असंख्य अणुकेंद्रकांना तो ताल विसरायला लागणारा वेळ. हा वेळ मोजायला माणसं कशी शिकली, याची गोष्ट मला एमआरआयच्या यंत्राहूनही अधिक रंजक वाटते.

आधी थोडी ओळख करून घेऊ. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. हा प्रोटॉन इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलं, की तो कललेल्या भोवऱ्यासारखा डोलायला लागतो. पंचांगवाल्यांच्या परिचयाचं संपातचलन याच जातीचं. पृथ्वीचा अक्षही असाच डोलतो आणि एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं घेतो. प्रोटॉनला एवढी सवड नसते. रुग्णालयातल्या दीड टेस्लाच्या चुंबकात तो सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा डोलतो.

एरवी हे प्रोटॉन आपापल्या लयीत डोलत असतात, त्यामुळे एकाचा परिणाम दुसरा खोडून काढतो आणि बाहेर काहीच कळत नाही. पण नेमक्या कंपनसंख्येच्या रेडिओलहरींचा छोटासा धक्का दिला, तर ते एका तालावर येतात. शाळेच्या मैदानावरची लेझीम आठवा. हलगी वाजते आहे तोवर शंभर मुलांच्या लेझमांचा मिळून एकच खणखणीत आवाज येतो. हलगी थांबवून मुलांना म्हटलं, ‘तुम्ही चालू ठेवा’, तर थोडा वेळ ताल टिकतो. मग कोणी जरा पुढे जातो, कोणी मागे रेंगाळतो आणि शेवटी नुसता छमछमाट उरतो. एकही मुलगा थांबलेला नसतो, पण मेळ गेलेला असतो. प्रोटॉनांचंही तसंच. मेळ असेतोवर जवळच्या तारेच्या वेटोळ्यात विजेचा बारीकसा संदेश उमटतो, मेळ विस्कटला की तो मावळतो. हा मेळ चुंबकाच्या दिशेशी काटकोनात, आडव्या पातळीत असतो, म्हणून त्याच्या ऱ्हासाचा काळ ‘आडवा’. प्रोटॉनांनी घेतलेली ऊर्जा भोवतालाला परत करून पूर्ववत व्हायला लागणारा काळ वेगळा. तो टी-वन. त्याची गोष्टही वेगळी.

हे सगळं कळायला सुरुवात झाली ती १९४५ च्या डिसेंबरात. महायुद्ध संपून जेमतेम चार महिने झाले होते. अमेरिकेत एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड हे तिघे युद्धकाळात रडारच्या संशोधनात होते. आता त्यांच्याकडे रेडिओलहरींचं उत्तम ज्ञान होतं आणि हार्वर्ड विद्यापीठात विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी वापरलेला एक जुना चुंबक होता. नमुना म्हणून त्यांनी घेतलं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण. त्यांना धास्ती एकच होती. चुंबकात ठेवलेले प्रोटॉन स्थिरस्थावर व्हायला किती वेळ घेतील? कदाचित कित्येक तास. म्हणून चुंबक कित्येक तास चालू ठेवून ते थांबले. १५ डिसेंबरला, शनिवारी, संदेश मिळाला. पुढे कळलं की ती धास्ती व्यर्थ होती, मेणातल्या प्रोटॉनांना सेकंदाचा लहानसा अंशही पुरतो. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९४६ मध्ये, स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख, विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकार्ड यांनी स्वतंत्रपणे पाण्यावर हाच प्रयोग यशस्वी केला. त्याआधी नेदरलँड्समध्ये गॉर्टर यांनी १९३६ मध्ये आणि पुन्हा १९४२ मध्ये असाच शोध घेतला होता, पण त्यांच्या शुद्ध स्फटिकांमध्ये शिथिलनाला इतका वेळ लागत होता की हाती काही आलं नाही.

ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात पर्सेल यांनी सांगितलं, की पहिल्या प्रयोगांच्या हिवाळ्यात ते दारातल्या बर्फाकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागले होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात निमूटपणे डोलणाऱ्या प्रोटॉनांचे ढीगच ते!

टी-वन आणि टी-टू हे दोन काळ वेगवेगळे मानले पाहिजेत, हे ब्लॉख यांनी १९४६ मध्येच आपल्या समीकरणांत मांडलं. पण ते किती असावेत आणि का, याचं उत्तर समीकरणांत नव्हतं. ते काम केलं युद्धानं पोळलेल्या हॉलंडमधून हार्वर्डला आलेल्या निकोलस ब्लोमबर्गेन या तरुण विद्यार्थ्यानं, पर्सेल आणि पाउंड यांच्यासोबत. १९४८ चा त्यांचा शोधनिबंध आजही या विषयाचा पाया समजला जातो. त्याचं सार असं: प्रत्येक प्रोटॉनचा शेजारीसुद्धा एक छोटा चुंबकच असतो. तो शेजारी आपल्या क्षेत्रानं याला किंचित पुढे रेटतो किंवा मागे खेचतो. बर्फात शेजारी जागचा हलत नाही, त्यामुळे रेटा एकाच बाजूचा पडत राहतो आणि मेळ झपाट्यानं विस्कटतो. द्रवात रेणू सारखे कोलांट्या घेत असतात. शेजाऱ्याचा रेटा क्षणात इकडून, क्षणात तिकडून बसतो आणि बहुतांशी आपोआप फिटतो. म्हणून बर्फात टी-टू सेकंदाच्या एक लाखाव्या हिश्श्याच्या घरात, तर शुद्ध पाण्यात चांगला दोन-तीन सेकंद. पदार्थ तोच, प्रोटॉनही तेच, फरक फक्त रेणूंच्या मोकळेपणाचा. फिल्मवरच्या पांढऱ्या-काळ्याचं मर्म यातच आहे. त्याकडे मी नंतर येतो.

मात्र अडचण प्रयोगशाळेत होती. पाण्याचा ताल दोन सेकंद टिकायला हवा, आणि प्रत्यक्षात संदेश मात्र सेकंदाच्या अगदी छोट्या भागात मावळायचा. दोष पाण्याचा नव्हता. त्या काळचा कोणताही चुंबक सगळीकडे सारखा नसे. परीक्षानळीच्या एका कडेला क्षेत्र केसभर जास्त, दुसऱ्या कडेला केसभर कमी. तिकडचे प्रोटॉन जरा जलद डोलत, इकडचे जरा सावकाश, आणि मेळ बघता बघता संपे. म्हणजे माणूस पाणी मोजायला बसायचा आणि मोजायचा आपल्या चुंबकाचं वैगुण्य. ही दोन विस्मरणं, एक चुंबकानं लादलेलं आणि दुसरं पदार्थाच्या अंगचं, वेगळी कशी करायची?

याचं उत्तर शोधून सापडलं नाही. ते बिघाडाच्या रूपानं समोर आलं.

एर्विन हान हा पेनसिल्व्हेनियात १९२१ मध्ये जन्मलेला तरुण. युद्धात तो अमेरिकी नौदलात सोनार आणि रडार शिकवत असे. १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. पूर्ण करून तो तिथंच संशोधन करत राहिला. इतर बहुतेक जण नमुन्यावर रेडिओलहरी सतत सोडून मोजमाप करत. हाननं रडारची रीत उचलली: लहरींचा एक छोटा ठोका द्यायचा आणि मग गप्प राहून काय ऐकू येतं ते बघायचं. ऐकायचं म्हणजे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. टी-वन मोजण्यासाठी तो असे दोन-दोन ठोके देत होता.

एके दिवशी पडद्यावर दोन ठोक्यांच्या नंतर, जेव्हा त्यानं काहीच पाठवलेलं नव्हतं, तेव्हा एक तिसराच उंचवटा उमटला. हानला वाटलं, विद्युतमंडलात काहीतरी बिघडलंय. वाटणारच. हातानं जोडलेली, व्हॉल्व्हची मंडलं ती. कुठून काय आवाज करतील याचा भरवसा नसे. त्यानं प्रथम तिकडे दुर्लक्ष केलं. पण तो उंचवटा पुन्हा आला, आणि या वेळी हाननं त्याच्या वेळेकडे लक्ष दिलं. समजा, दोन ठोक्यांत दहा मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, तर तो दुसऱ्या ठोक्यानंतर बरोबर दहा मिलिसेकंदांनी यायचा. अंतर वीस केलं तर विसांनी. बिघाड इतका वक्तशीर नसतो.

हा प्रतिध्वनी होता. रडारवाल्याला प्रतिध्वनी नवा नाही. ठोका पाठवायचा, तो विमानावर किंवा डोंगरावर आपटून परत येतो. पण हानच्या परीक्षानळीत ना डोंगर होता ना विमान. आपटायला भिंतच नव्हती. मग परत आलं ते कुठून?

हे समजावून सांगण्यासाठी हाननं धावपटूंचा दाखला दिला. ‘फिजिक्स टुडे’ मासिकाच्या नोव्हेंबर १९५३ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर मैदानात धावणारे स्पर्धक आहेत ते त्यामुळेच. आपण आपल्याच शाळेचं क्रीडासंमेलन डोळ्यांसमोर आणू. एका रेषेवरून वीस मुलं सुटली. प्रत्येकाचा वेग वेगळा, पण ज्याचा जो आहे तो कायम. दहा सेकंदांनी मैदानभर पांगापांग झालेली असते. बघणाऱ्याला वाटेल, आता यांच्यात काही शिस्त उरली नाही. तेवढ्यात सरांनी शिट्टी वाजवली: सगळ्यांनी मागे फिरा आणि त्याच वेगानं परत या. आता सर्वांत पुढे गेलेल्याला सर्वांत जास्त अंतर परत कापायचंय, पण तो वेगवानही आहे. रेंगाळणाऱ्याला थोडंच अंतर यायचंय. बरोबर दहा सेकंदांनी वीसच्या वीस मुलं एकदम आरंभरेषेवर! हानचा दुसरा ठोका म्हणजे ही शिट्टी. काटेकोर बोलायचं तर त्याचा ठोका सगळ्यांना पुरतं मागे फिरवत नव्हता, काही अंशीच फिरवत होता, तरी तेवढ्यानं प्रतिध्वनी उमटायला पुरेसा मेळ परत जुळत होता.

आता यातली खरी गंमत बघा. चुंबकाच्या असमानतेमुळे पडलेला फरक हा कायम वेगाचा फरक आहे, तो परतीच्या वाटेवर फिटतो. पण एखादा मुलगा मध्येच ठेचकाळला, एखादा कोणाशी बोलायला थांबला, तर तो वेळेवर रेषेवर येणार नाही. शेजारच्या रेणूंच्या धक्क्यांनी ज्यांचा ताल चुकला, ते प्रोटॉन असे. ते प्रतिध्वनीत सामील होत नाहीत. ठोक्यांमधलं अंतर वाढवत नेलं की प्रतिध्वनी खुजा होत जातो, आणि त्याच्या उतरणीत पदार्थाच्या अंगचं विस्मरण वाचता येतं. दिसायला दोन्ही विस्मरणं सारखीच, संदेश मावळतो एवढंच दिसतं. पण एकात माहिती फक्त लपलेली असते, दुसऱ्यात ती हरवलेली असते. लोश्मिट यांनी १८७६ मध्ये बोल्ट्झमन यांच्यापुढे असाच पेच टाकला होता, की सगळ्या रेणूंचे वेग एकदम उलटे केले तर गोंधळातून पुन्हा व्यवस्था का येऊ नये? त्या काळी तो कागदावरचा प्रश्न होता. हानच्या नळीत त्याचा एक छोटासा कोपरा डोळ्यांना दिसला.

‘स्पिन एकोज’ या दोनच शब्दांच्या शीर्षकाचा हानचा एकट्याच्या नावाचा शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये नोव्हेंबर १९५० मध्ये आला. त्यात त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली होती. द्रवातले रेणू जागा बदलत असतात. धावता धावता मुलानं वाटच बदलली आणि त्याबरोबर वेगही बदलला, तर हिशोब चुकणारच. यावर १९५४ मध्ये हर्मन कार आणि पर्सेल यांनी तोड काढली: एकच शिट्टी उशिरा वाजवण्याऐवजी थोड्या थोड्या वेळानं शिट्ट्या वाजवत राहायचं, म्हणजे भटकायला सवडच मिळत नाही. पुरतं मागे फिरवणारा ठोकाही त्यांनीच वापरात आणला. पण ठोका किंचित कमी-जास्त झाला तर शेकडो ठोक्यांत ती चूक साठत जाई. १९५८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या सॉल माइबूम आणि डेव्हिड गिल यांनी धक्क्याची दिशा चतुर्थांश फेरीनं बदलली, आणि एका ठोक्याची चूक पुढचा ठोका खोडू लागला. या चौघांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं ‘सीपीएमजी’ हे नाव आजही प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. तेलविहिरींतही. भोकात चुंबक सोडून खडकाच्या छिद्रांतल्या द्रवाचा टी-टू मोजतात आणि त्यावरून छिद्रं केवढी आहेत ते ताडतात.

रसायनशास्त्रज्ञांना टी-टूचं महत्त्व वेगळ्या वाटेनं कळलं. ताल जितका जास्त टिकेल तितकी वर्णपटातली रेषा बारीक आणि रेखीव. द्रवात रेषा मुळात अत्यंत बारीक असायला हवी, चुंबक चांगला नसल्यामुळे ती फिसकटायची. चुंबक सुधारला तसं दडलेलं दिसू लागलं. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलची एक रेषा प्रत्यक्षात तीन आहेत हे दाखवलं. रेणूतल्या तीन वेगळ्या जागांवरचे हायड्रोजन तीन वेगळ्या सुरांत डोलत होते. रेणूची रचना रेडिओलहरींनी वाचता येते, याचा तो पुरावाच होता. यातले धर्मट्टी म्हणजे एस. एस. धर्मट्टी. पुढे ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथं या विषयाची परंपरा त्यांनी सुरू केली. त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांवर हे प्रयोग केले होते. या दोघांची नावं आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितली.

बरं, पदार्थाच्या अंगचं विस्मरण तरी कायमचं म्हणावं का? १९७० मध्ये एमआयटीत रिम, पाइन्स आणि वॉ यांनी ठोक्यांची अशी मालिका रचली, की घन पदार्थात शेजाऱ्यांच्या परस्पर रेट्यामुळे विस्कटलेला मेळही परत जुळला. जे हरवलं असं समजत होते, त्यातलंही काही फक्त लपलेलं निघालं. म्हणजे टी-टू ही निसर्गानं दगडावर कोरलेली सीमा नव्हे. आपल्याला काय उलटवता येतं, यावर ती थोडीफार सरकते.

वैद्यकाकडे वळलं की गोष्टीत भांडण येतं. १९७१ मध्ये रेमंड डमेडियन या डॉक्टरनं ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये टी-वन आणि टी-टू निरोगी ऊतींपेक्षा लांबलेले असतात. कल्पना धाडसी होती आणि फरक खराही होता. पण नुसत्या आकड्यावरून रोग ओळखणं जमलं नाही, कारण निरोगी आणि रोगट ऊतींचे आकडे एकमेकांत मिसळतात. पॉल लॉटरबर यांनी डमेडियन यांचे प्रयोग दुसऱ्या संशोधकाकडून पुन्हा केले जाताना पाहिले आणि त्यांच्या मनात प्रश्न आला, की हा संदेश शरीरात नेमका कुठून येतोय ते कळलं तर? त्यातून १९७३ मध्ये पहिलं चित्र निघालं. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. डमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. माझं मत विचाराल तर, ऊतींमधला फरक पहिल्यांदा कळकळीनं मांडण्याचं श्रेय डमेडियन यांचं, पण चित्र त्यांच्या पद्धतीनं निघालं नसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता खिडकीतल्या फिल्मकडे येऊ. मणक्यांमधली निरोगी गादी पाण्यानं भरलेली असते. तिथले प्रोटॉन ताल बराच वेळ धरून ठेवतात, म्हणून चित्रात ती उजळते. वयानं किंवा झिजेनं गादी सुकली, की उरलेलं पाणी तंतूंना जखडलेलं असतं, ताल लवकर जातो आणि गादी काळी दिसते. सूज आली की मोकळं पाणी वाढतं, तो भाग पांढरा होतो. मेंदूभोवतीचं पाणी लख्ख पांढरं आणि हाडाचं टणक कवच काळंकुट्ट, तेही यामुळेच. काळी गादी दिसली म्हणजे दुखणं तिचंच असं मात्र नाही. कित्येकांची गादी काळी असते आणि कंबर ठणठणीत, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि हाननं जो चुंबकीय असमानतेचा परिणाम निपटून काढला, तोही पुढे कामी आला. प्राणवायू देऊन बसलेलं रक्त आपल्या आसपासचं क्षेत्र किंचित बिघडवतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा बिघाड न पुसता मुद्दाम ठेवला, आणि मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते बघण्याची वाट मोकळी झाली.

हान पुढे बर्कलीला प्राध्यापक झाले. १९८३-८४ चं वुल्फ पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. या विषयानं भौतिकी, रसायन आणि वैद्यक अशी तिन्ही नोबेल पारितोषिकं मिळवली, त्यांत हान यांचं नाव नाही. २०१६ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले.

फिल्म हातात आलीच, तर ‘टी-टू’ शेजारी आणखी एक नोंद शोधा. रोमन लिपीत ‘टी-ई’ आणि पुढे शंभरच्या आसपासचा आकडा. पहिला ठोका दिल्यापासून इतक्या मिलिसेकंदांनी चित्र टिपलं, असा त्याचा अर्थ. त्यातला ‘ई’ हा ‘एको’चा, इलिनॉयच्या पडद्यावर बिघाड म्हणून दुर्लक्षिलेल्या त्या उंचवट्याचा.